बंद मोटारसायकल विकत घेताना : आधी कागद, मग चेसिस, शेवटी इंजिन

पुण्याच्या कोथरूड भागात १९८० आणि १९९० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या अनेक गृहनिर्माण सोसायट्या आता पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत, आणि इमारत रिकामी करण्याची वेळ आली की पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या मोटारसायकलींचाही निकाल लावावा लागतो. कोणाची कास्ट आयर्न बुलेट असते, कोणाची येझदी, कोणाची यामाहा आरएक्स १००, तर कोणाची मुलाने कॉलेजात असताना वापरलेली पहिल्या पिढीतील पल्सर. मालक परदेशातील मुलाकडे गेलेला असतो किंवा हयात नसतो, गाडी अनेक वर्षे सुरू झालेली नसते, आणि ‘आहे त्या स्थितीत घेऊन जा’ एवढ्याच अटीवर ती मिळू शकते. अशा गाडीला नवे रूप देण्याची हौस असलेल्या तरुणाला ही किंमत मोहात पाडते. ही हौस चांगली आहे, तिच्यातून हाताला कौशल्य येते आणि भंगारात जाणारे उत्तम यंत्र पुन्हा रस्त्यावर येते. मात्र बंद गाडीचा व्यवहार हा चालू गाडीच्या व्यवहाराहून स्वभावतःच वेगळा असून तो कोणत्या क्रमाने तपासावा, हे आधी स्पष्ट असणे आवश्यक आहे.

‘बंद गाडी’ या एकाच शब्दप्रयोगात तीन निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. पहिली अवस्था म्हणजे चालू असताना उभी केलेली आणि वापराअभावी बंद पडलेली गाडी, दुसरी म्हणजे चालता चालता एखादा बिघाड होऊन थांबलेली आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून तशीच सोडून दिलेली गाडी, आणि तिसरी म्हणजे कोणीतरी दुरुस्तीसाठी किंवा कस्टम कामासाठी उघडलेली व अर्ध्यावर टाकलेली गाडी, जिचे सुटे भाग पोत्यात भरून दिले जातात. पहिल्या अवस्थेतील गाडी बहुधा थोडक्यात मार्गी लागते आणि दुसरीचा अंदाज बिघाड कळल्यास बांधता येतो. तिसरी मात्र अनुभवी मेकॅनिकलाही फसवते, कारण पोत्यात काय नाही हे जोडणी सुरू होईपर्यंत कळतच नाही. म्हणून विक्रेत्याला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘किंमत किती’ हा नसून ‘गाडी शेवटची कधी चालली, आणि ती चालताना बंद पडली की नुसती उभी राहिली’ हा असावा.

हौशी ग्राहक साधारणतः आधी इंजिन पाहतो, मग रंगरूप आणि अखेरीस कागदपत्रे. हा क्रम पूर्णपणे उलटा करावा, असे येथे आग्रहाने सुचवायचे आहे. इंजिन कितीही खराब असले तरी नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने, लेथवाले आणि जुने मिस्त्री यांच्या बळावर ते पुन्हा उभे करता येते. नोंदणी रद्द झालेली किंवा चेसिस क्रमांक घासलेला असेल, तर मात्र ती मोटारसायकल कायदेशीररीत्या रस्त्यावर आणणे फार कठीण होते आणि कितीही कुशल कारागीर ती कमतरता भरून काढू शकत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर वाहनाची तपासणी होऊन ती दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकृत करून मिळते. बोलीभाषेत याला ‘रिपासिंग’ म्हणतात. पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्यांची ही मुदत बहुधा कधीच संपलेली असते. मुदत संपणे म्हणजे नोंदणी रद्द होणे नव्हे, हा भेद ध्यानात घ्यावा. मुदत संपलेली गाडी नूतनीकरणास पात्र असू शकते, परंतु मालकाने ती भंगारात काढल्याचे कळवून नोंदणी रद्द करून घेतलेली असेल, तर ती पुन्हा रस्त्यावर आणण्याची आशा धरू नये. १ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आले आणि उशिराच्या प्रत्येक महिन्यासाठी ३०० रुपयांचे अतिरिक्त शुल्क ठरवण्यात आले. पुढे २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारसायकलींसाठी मूळ शुल्क २,००० रुपयांवर गेले. विलंबशुल्क महिन्यांच्या हिशेबाने वाढत असल्यामुळे दीर्घकाळ बंद असलेल्या गाडीच्या बाबतीत ही रक्कम गाडीच्या किमतीशी बरोबरी करू शकते. त्याखेरीज महाराष्ट्रात १५ वर्षांहून जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजेच एचएसआरपी, बसवणे बंधनकारक झाले आहे. ही पाटी नसल्यास परिवहन कार्यालयातील इतर कामेही अडतात. म्हणून विशिष्ट गाडीसाठी एकूण किती रक्कम भरावी लागेल, याचा आकडा सौद्यापूर्वीच विचारून घ्यावा.

यानंतर येतो मालकी हस्तांतरणाचा, म्हणजे ‘गाडी नावावर करण्याचा’ प्रश्न. त्यासाठी विक्रेत्याकडून नमुना २९ आणि खरेदीदार व विक्रेता या दोघांच्या सह्यांचा नमुना ३० लागतो. गाडी कर्जावर घेतलेली असेल आणि आरसीवर, अर्थात नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचा बोजा अजून नोंदलेला असेल, तर तो उतरवण्यासाठी बँकेच्या सहीचा नमुना ३५ लागतो. कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलेले असूनही बोजा तसाच राहिल्याची प्रकरणे नित्य आढळतात, आणि कर्ज देणारी संस्था दरम्यान बंद झाली किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झाली असेल तर हा कागद मिळवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. मूळ मालक हयात नसेल तर नमुना ३१ द्वारे गाडी आधी वारसाच्या नावावर होणे आवश्यक असते, आणि वारस एकाहून अधिक असतील तर इतरांच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो. गाडी परराज्यातील असेल तर तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दिल्ली परिसरात १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर निर्बंध आल्याने तेथील गाड्या इतरत्र स्वस्तात विकायला येतात, पण महाराष्ट्रातील पुनर्नोंदणी आणि कर यांची बेरीज केल्यावर तो स्वस्तपणा बराचसा विरून जातो.

येथे बंद गाडीच्या व्यवहारातील खरी अडचण पुढे येते आणि तिचा विचार फार थोडे ग्राहक आधी करतात. हस्तांतरणासाठी चालू विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, म्हणजे पीयूसी, लागते. नूतनीकरणासाठी गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. आणि जी गाडी सुरूच होत नाही तिच्या धुराची तपासणी होऊ शकत नाही. याचा अर्थ असा की खरेदीदाराला आधी दुसऱ्याच्या नावावरील गाडीवर स्वतःचा पैसा खर्च करून ती चालती करावी लागते आणि त्यानंतरच ती स्वतःच्या नावावर करता येते. या मधल्या काळात विक्रेत्याचे सहकार्य टिकून राहणे अत्यावश्यक असते. पूर्वी कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन गाडी तीन-चार हात फिरत असे, परंतु आता प्रक्रिया ऑनलाइन झाल्याने नोंदीशी जोडलेल्या मोबाइल क्रमांकावर ओटीपी येतो. विक्रेता काही महिन्यांनी फोन उचलेनासा झाला तर सह्या केलेले कागद हाती असूनही काम थांबते. म्हणून ज्याच्या नावावर गाडी आहे त्या व्यक्तीशी किंवा तिच्या वारसाशी प्रत्यक्ष बोलणे झाल्याखेरीज, केवळ मधल्या माणसाच्या शब्दावर, बंद गाडी घेऊ नये. व्यवहाराच्या लेखी करारात गाडी चालू झाल्यावर हस्तांतरणास मदत करण्याची अट आणि त्या वेळी देण्यासाठी राखून ठेवलेली रक्कम, या दोन्ही गोष्टी असाव्यात.

विक्रेत्याच्या हितासाठीही हस्तांतरण तितकेच महत्त्वाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात असा निर्णय दिला की, गाडी विकलेली असली तरी परिवहन नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या नुकसानभरपाईच्या संदर्भात मालक समजला जाईल. जुनी गाडी कोणालातरी देऊन मोकळे होऊ पाहणाऱ्या ज्येष्ठ मालकाला ही बाब समजावून सांगितली, तर तो कागदपत्रांसाठी पुन्हा एकदा वेळ देण्यास बहुधा राजी होतो.

गाडीची नोंद ‘वाहन’ या परिवहन खात्याच्या संगणकीय प्रणालीत किंवा एम-परिवहन अॅपवर नोंदणी क्रमांक टाकून पाहता येते. फार जुन्या, पुस्तकी आरसी असलेल्या गाड्यांची माहिती मात्र संगणकीय नोंदीत कधी कधी आलेलीच नसते. अशा वेळी परिवहन कार्यालयातील मूळ नोंदवहीवरून ती चढवून घ्यावी लागते आणि या कामाला ‘बॅकलॉग एन्ट्री’ म्हणतात. नोंद सापडत नाही याचा अर्थ गाडी बनावट आहे असा लगेच होत नाही, पण नोंद चढेपर्यंत पूर्ण पैसे देणे मात्र धोक्याचे ठरते. प्रलंबित ई-चलन आणि चोरीची तक्रार या दोन्ही बाबीही ऑनलाइन तपासता येतात; चोरीच्या वाहनांसंबंधीची पडताळणी एनसीआरबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या सेवेतून होते. बेवारस वाहनांच्या लिलावात घेतलेल्या गाडीसाठी नमुना ३२ असतो, परंतु अनेक लिलावांत वाहने केवळ भंगार म्हणून विकली जातात आणि त्यांच्यासोबत नोंदणी येत नाही, त्यामुळे लिलावाच्या अटी अक्षरशः वाचून काढाव्यात.

कागद समाधानकारक असतील तरच चेसिसकडे वळावे. चेसिस म्हणजे गाडीचा पोलादी सांगाडा. त्याच्यावर कोरलेला क्रमांक ही गाडीची खरी ओळख असते आणि तो बहुतेक मोटारसायकलींत हँडलखालील मानेवर किंवा तिच्या आसपास आढळतो. तेथील धूळ आणि ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसून, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली की अंक कागदावर उमटतात. परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे हाच पेन्सिल ठसा मागितला जातो. हा ठसा सौद्यापूर्वी घ्यावा आणि आरसीतील क्रमांकाशी एकेक अक्षर जुळवून पाहावा. एखादा अंक इतरांपेक्षा खोल गेलेला असेल, दोन अंकांमधील अंतर असमान असेल, आसपासचा पत्रा घासून सपाट झालेला असेल किंवा तेवढ्याच भागावर ताजा रंग असेल, तर क्रमांक पुन्हा ठोकलेला असण्याची शंका घेऊन व्यवहार तेथेच थांबवावा. इंजिन क्रमांकही याच रीतीने पाहावा. विशेषतः आरएक्स १००, आरएक्सजी आणि आरएक्स १३५ या यामाहांचे भाग एकमेकांत सहज बसत असल्याने ‘आरएक्स १००’ म्हणून सांगितलेल्या गाडीत इंजिन एकीचे आणि सांगाडा दुसरीचा असणे मुळीच दुर्मीळ नाही. क्रमांकांची अशी तफावत कार्यालयात निस्तरता येते की नाही, हे विक्रेत्याने पैसे घेण्यापूर्वी सिद्ध करावे.

सांगाड्याचा सरळपणा तपासण्यासाठी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणून दोन्हीकडचे अंतर पाहावे, हँडल सोडून गाडी एका बाजूला ओढते का याची विचारणा करावी, आणि वेल्डिंगचे मूळ नसलेले सांधे शोधावेत. मागचे चाक धरून आडवे हलवल्यास स्विंग आर्ममध्ये, म्हणजे मागच्या चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या हलत्या चौकटीत, खेळ जाणवला तर तो दुरुस्त होऊ शकतो. मान वाकलेली असेल किंवा मानेजवळ भेग असेल, तर मात्र ती गाडी सोडून द्यावी. कोथरूडसारख्या पुण्याच्या पश्चिमेकडील भागात पावसाळ्यात भिंती आणि पार्किंगच्या फरशा महिनोन्महिने ओलसर राहतात, त्यामुळे बॅटरीखालचा कप्पा, साइड स्टँडचा पाया आणि सीटखालील नळ्या येथे गंज खोलवर गेलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरने टोचून पत्रा आत जातो का, हे पाहिल्याखेरीज वरच्या रंगावर विश्वास ठेवू नये.

सांगाडा पक्का निघाला, तरी त्यावर कोणते कस्टम काम करता येईल, हे इंजिनाकडे वळण्यापूर्वी पाहावे. कस्टम म्हणजे कारखान्यातून निघालेल्या गाडीचे रूप आणि बांधणी मालकाच्या इच्छेप्रमाणे बदलणे. १९६० च्या दशकातील ब्रिटनमधून आलेल्या ‘कॅफे रेसर’ प्रकारात हँडल खाली, पाय ठेवण्याच्या कांड्या मागे आणि सीट एकट्यापुरती असते. ‘बॉबर’मध्ये पुढचा मडगार्ड काढून मागचा आखूड करतात, ‘स्क्रॅम्बलर’मध्ये सायलेन्सर वर आणि टायर खडबडीत असतात, तर ‘चॉपर’मध्ये सांगाडाच कापून पुढचे फोर्क लांबवले जातात. भारतात हे सर्व प्रकार चित्रांतून जितके सोपे वाटतात तितके कायद्यात नाहीत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ अन्वये बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

या नियमांमागचे कारण समजून घेण्यासाठी कोथरूडकरांना दूर जावे लागत नाही. वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे, जिच्या आद्याक्षरांवरून तो भागच ‘एआरएआय टेकडी’ म्हणून ओळखला जातो. कोणतेही नवे वाहन विक्रीस येण्यापूर्वी त्याच्या नमुन्याची ब्रेक, दिवे, आवाज, धूर अशा अनेक कसोट्यांवर परीक्षा घेण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२६ खाली ज्या थोड्या संस्थांना दिलेला आहे, त्यांपैकी ही एक. गॅरेजमध्ये सांगाडा कापून पुन्हा जोडलेल्या गाडीने अशी कोणतीही परीक्षा दिलेली नसते, आणि वळणावर ब्रेक दाबताना त्या सांध्यावर येणारा ताण कोणी मोजलेला नसतो. ज्यांना टेकडीवर सकाळी फिरायला जाण्याची सवय आहे, त्यांनी या संस्थेच्या कामाचे हे महत्त्व आपल्या घरातील तरुणांपर्यंत पोहोचवावे.

प्रत्यक्षात याचा परिणाम असा होतो की, जे बदल सहज काढता-घालता येतात आणि नोंदणीतील तपशिलांना धक्का लावत नाहीत, तेवढेच आपल्या आराखड्यात ठेवणे शहाणपणाचे ठरते. सीटचे शिवणकाम व आकार, टाकीचे रंगकाम, इंजिनाचे पॉलिश, दिव्यांची निवड, वायरिंगची नवी मांडणी यांतूनही गाडीचे रूप पूर्णपणे पालटते. गाडीचा मूळ रंग आरसीत नोंदलेला असल्याने तो बदलल्यास कार्यालयाला कळवावे लागते. आसनसंख्याही आरसीत असते, त्यामुळे एकट्याची सीट हा कॅफे रेसरचा प्राणच येथे अडचणीचा होतो. नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी धरण्याची सोय, पाय ठेवण्याची कांडी आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाच्या किमान निम्म्या भागाला आच्छादन आवश्यक आहे. साडीगार्ड हा याच नियमाचा दृश्य भाग आहे. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर तर आराखड्यात घेऊच नयेत. पुणे वाहतूक पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडण्याच्या कारवाया केलेल्या आहेत, आणि आजारी माणसे व परीक्षेला बसलेली मुले ज्या वस्तीत राहतात तेथे तो आवाज करणे मुळातच चुकीचे आहे.

गाडीची निवड करताना आणखी एक विवेक पाळला जावा. मूळ अवस्थेत पूर्ण शिल्लक असलेली दुर्मीळ गाडी कापू नये. येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याचे उत्पादन १९९६ मध्ये बंद झाले, एस्कॉर्ट्सने बनवलेल्या राजदूत ३५० चे उत्पादन १९८० च्या दशकासोबतच आटोपले, आणि यामाहा आरएक्स १०० १९९६ नंतर निघाली नाही. या गाड्यांच्या शिल्लक नगांची संख्या आता केवळ कमी होऊ शकते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी विंटेज नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली, परंतु तिचा लाभ मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांनाच मिळतो. आज कोणी जुन्या जावाचा मागचा भाग कापला, तर त्या गाडीचा हा मार्ग कायमचा बंद होतो. अशी गाडी हाती आली तर तिचा जीर्णोद्धार करावा किंवा ती जीर्णोद्धार करणाऱ्याकडे सोपवावी. कस्टम कामाचा पहिला प्रयोग करणाऱ्यासाठी आकुर्डी-चाकणच्या बजाजने लाखोंनी बनवलेल्या पल्सर किंवा लांब बांधणीची अॅव्हेंजर या गाड्या अधिक योग्य आहेत, कारण त्यांचे भाग मुबलक आहेत, काम बिघडले तरी वारशाची हानी होत नाही, आणि शहरातील कोणताही मेकॅनिक त्यांचे इंजिन जाणतो. कास्ट आयर्न बुलेट हा याहून खर्चिक पण तितकाच शक्य पर्याय आहे.

आता इंजिन. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, स्पार्क प्लग काढून, मागचे चाक हाताने हळूच पुढे ढकलावे. इंजिन फिरले तर पिस्टन मोकळा आहे. चाक अडले तर इंजिन जाम आहे, मात्र जाम असणे आणि निकामी असणे यांत फरक आहे. ओलाव्याने रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतील तर प्लगच्या भोकातून थोडे इंजिन ऑइल आणि डिझेल सोडून दोन-चार दिवस थांबल्यावर ते बहुधा सुटते. गाडी चालताना तापून पिस्टन बसलेला असेल, म्हणजेच इंजिन ‘सीझ’ झालेले असेल, तर सिलिंडर उघडावाच लागतो. जोराने किक मारून जाम इंजिन सोडवण्याचा प्रयत्न विक्रेत्यालाही करू देऊ नये, कारण त्यात रिंग तुटून सिलिंडरवर खोल ओरखडा उठतो. इंजिन फिरत असल्यास प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबून दुसऱ्या माणसाला किक मारायला सांगावी. अंगठा झटक्याने वर उचलला गेला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील दाब, काही प्रमाणात शिल्लक आहे, आणि हवा नुसतीच सुस्कारत निघाली तर रिंगा, व्हॉल्व्ह किंवा सिलिंडर यांचे काम निघणार हे समजावे.

सिलिंडर झिजला असेल तर तो लेथवर किंचित मोठा करून त्या मापाचा पिस्टन बसवतात. याला बोअर करणे म्हणतात. बुलेट ३५० च्या सिलिंडरचा मूळ व्यास ७० मिलिमीटर असून गॅरेजमध्ये ‘२० साइज’, ‘४० साइज’, ‘६० साइज’ अशा शब्दांत जे माप सांगितले जाते ते इंचाच्या हजाराव्या भागात असते, म्हणजे २० साइज ही सुमारे अर्ध्या मिलिमीटरची वाढ होय. प्रत्येक बोअरला सिलिंडरची भिंत पातळ होते आणि शेवटच्या मापानंतर नवी स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, बसवण्याशिवाय उपाय राहत नाही. त्यामुळे इंजिन यापूर्वी कितव्या साइजवर गेले आहे, हे विचारणे किंमत ठरवण्यास उपयोगी पडते. दोन-स्ट्रोक गाड्यांत क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सीलही पाहावीत, कारण वर्षानुवर्षे उभ्या गाडीतील रबर कडक होऊन फुटते आणि गाडी सुरू झाल्यावर हवा ओढू लागते.

इंधनाचा मार्ग हा बंद गाडीतील सर्वाधिक दुर्लक्षित पण हमखास बिघडलेला भाग असतो. टाकीत राहिलेले पेट्रोल कालांतराने चिकट रोगणासारखे होऊन कार्बोरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत बसते. याखेरीज देशात २०२५ पर्यंत इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर नेलेले पेट्रोल सर्वत्र मिळू लागले आहे, आणि जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व सीलांची घडण त्या मिश्रणासाठी झालेली नव्हती. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषून घेते, त्यामुळे गंजलेली टाकी आतून साफ करून घेणे आणि सर्व रबरी भाग बदलणे हा खर्च पहिल्याच दिवशी धरून चालावे. टायर, ट्यूब, केबल, ब्रेक लायनर आणि बॅटरी यांबाबतही तेच. बाहेरून चांगले दिसणारे दहा वर्षांचे टायर वापरू नयेत.

इंजिनाच्या बिघाडापेक्षाही जास्त पैसा खातात ते न दिसणारे, म्हणजे गाडीवर नसलेलेच भाग. मूळ कार्बोरेटर, मॅग्नेटो, स्पीडोमीटर, साइड पॅनेल, टूलबॉक्स यांपैकी काय गायब आहे, याची यादी गाडीसमोर उभे राहून करावी आणि ती घेऊन नाना पेठेत एक चक्कर मारावी. मंगळवार पेठेच्या बाजूला बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही काही वस्तू सापडतात, मात्र तेथे मिळालेल्या कोणत्याही क्रमांकित भागाची पावती आणि उगम तपासावा. येझदीत किक आणि गिअर यांचे काम एकच दांडा करतो. अशा खास बांधणीचा एक भाग नसला तर त्याची जागा दुसऱ्या गाडीचा भाग घेऊ शकत नाही, आणि सारा प्रकल्प त्या एका वस्तूपाशी अडकून पडतो.

कामाचा क्रम असा ठेवावा की गाडी प्रथम मूळ रूपातच चालती करावी, विमा आणि पीयूसी घ्यावे, नोंदणीचे नूतनीकरण आणि हस्तांतरण पूर्ण करावे, आणि त्यानंतरच तिच्या रूपाला हात लावावा. निरीक्षकासमोर गाडी आरसीतील वर्णनाशी जुळलेली असणे सोयीचे असते, आणि खर्चाचा मोठा भाग आपल्या नावावर आलेल्या गाडीवर होतो. केलेले बदल विमा कंपनीला कळवावेत. गाडी घरी आणण्यासाठी छोटा टेम्पो करावा, कारण विमा व वैध नोंदणी नसलेली गाडी दोरीने ओढत पौड रस्त्यावरून आणणे बेकायदा आणि जिवावर बेतणारे आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करायचे असल्यास समितीची लेखी परवानगी घ्यावी आणि पेट्रोल तेथे साठवू नये.

निर्णय घेताना तीन गोष्टींवर तडजोड करू नये: नोंदीतील मालक किंवा त्याचा वारस प्रत्यक्ष भेटलेला असावा, चेसिस क्रमांक आरसीशी जुळलेला असावा, आणि गाडीचे मोठे भाग जागेवर असावेत. या तिन्ही असल्यास इंजिन जाम असले तरी गाडी घेण्यास हरकत नाही. यांपैकी एक जरी नसली, तर गाडी फुकट मिळत असली तरी ती नाकारावी, आणि केवळ सुटे भाग हवे असतील तर मालकाला आधी नोंदणी रद्द करून घेण्यास सांगावे. टोकन देण्यापूर्वी विक्रेत्याला सोबत घेऊन एकदा संगम पुलाजवळच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात जावे आणि त्या क्रमांकाच्या नोंदीची स्थिती, थकीत कर व नूतनीकरणाची रक्कम लेखी विचारून घ्यावी. जो विक्रेता या एका फेरीला तयार होत नाही, त्याची गाडी घेऊ नये.